बंद केबिनमधली बुरशी

चौदा महिन्यांत त्या शॉवर केबिनमध्ये कोणीही आंघोळ केली नव्हती. तरी तिच्या सांध्यांवर काळी बुरशी होती, आणि रोज सकाळी नऊ वाजता तिच्या भिंती ओल्या असत.

शेजारच्या बाथरूममधली केबिन मी रोज वापरत होतो. तिच्यात बुरशी नव्हती.

दोन्ही केबिन अठरा वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात बसवलेल्या, एकाच बनावटीच्या, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या. दोन्ही बाथरूमची पाठ एकाच भिंतीला लागलेली. माझे बाथरूम जिन्याच्या बाजूने उघडते, बायकोचे तिच्या खोलीतून. दोन बाथरूम ही चैन नव्हती, सोय होती. ती शाळेत भूगोल शिकवत असे, मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतो, आणि दोघांनाही साडेसातला घर सोडावे लागे. साडेसहाला दोन्हीकडे एकदमच पाणी सुरू होई. पुढे दोघेही निवृत्त झालो, साडेसातला कुठेही जायचे उरले नाही, तरी साडेसहा टळले नाहीत. आंघोळ आटोपून दिवा बंद केला की पलीकडून तिचा आवाज येई.

"झालं का? की अजून नमुना गोळा करताय?"

आवाज स्पष्ट येत असे. भिंत पातळ असावी, असे मी धरून चाललो होतो. अठरा वर्षांत ते तपासून पाहावे असे मला एकदाही वाटले नाही.

ती गेल्यावर तिचे बाथरूम मी बंद केले. प्रयोगशाळेत जे जपायचे ते झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून ठेवायचे आणि कारणाशिवाय उघडायचे नाही, ही सवय मला छत्तीस वर्षांची होती. चिठ्ठी तेवढी लावली नाही. खिडकीची कडी घातली, पाण्याचा नळ घट्ट केला, दार ओढून घेतले. आत सगळे होते तसे राहिले: साबणाची अर्धी वडी, शाम्पूची बाटली, काच पुसायचा रबरी वायपर, मऊ फडके. दारामागे पडद्याच्या दांडीची एक लांब काठी उभी होती आणि तिच्या टोकाला जुना टूथब्रश दोऱ्याने बांधलेला होता. त्या काठीचे काय करायचे असते हे मला माहीत नव्हते. तीही हलवली नाही.

माझ्या केबिनची निगा मात्र मी काटेकोर राखत होतो. आंघोळ झाली की वायपर वरून खाली, मग सांध्यांवरून कोरडे फडके, मग दिवा पंचवीस मिनिटे चालू. दोन्ही बाथरूममध्ये दिव्याच्याच बटणावर पंखाही होता, त्यामुळे वाफ बाहेर निघून जाई. हे वळण तिनेच लावलेले. पहिल्या वर्षी मी आळस केला तेव्हा ती म्हणाली होती, "प्रयोगशाळेत बुरशी वाढवायचा तुम्हाला पगार मिळतो. माझ्या घरात फुकटात वाढवायची नाही." ती गेल्यावरही माझ्या केबिनचा एकही सांधा काळा पडला नाही. याचा मला थोडा अभिमान होता.

तिच्या केबिनकडे पहिल्यांदा लक्ष गेले ते माझ्या लेकीचे. ती नातीला घेऊन चार दिवसांसाठी आली होती. नात सहा वर्षांची, तिला दमा आहे. दोघी बायकोच्या खोलीत झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीची छाती वाजू लागली. लेकीने बाथरूमचे दार उघडले आणि मला हाक मारली.

"बाबा, हे काय आहे?"

मी चष्मा लावून पाहिले. "क्लॅडोस्पोरियम असावी. खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागेल."

"नाव नाही विचारलं मी. आई असताना इथे एक ठिपका दिसत नव्हता."

नात तिच्या आईच्या मागून डोकावत होती. नाक वर करून म्हणाली, "आजीच्या बाथरूमला आजोबांचा वास येतो."

"असं नाही बोलायचं," लेक म्हणाली. मी ते ऐकले आणि सोडून दिले. सहा वर्षांच्या साक्षीदाराला मी तेव्हा फारसे महत्त्व देत नसे.

लेकीने तोंडाला फडके बांधून सगळे पुसून काढले आणि त्याच दुपारी दोघी परत गेल्या. एकोणिसाव्या दिवशी बुरशी परत आली. मी ते फोनवर सांगितले. सांगितले नसते तरी चालले असते, पण तिने विचारले आणि निरीक्षण दडपण्याची मला सवय नाही.

"मग कारण शोधा," ती म्हणाली. "नुसतं पुसलं तर परत येते, हे मला तुम्हीच शिकवलंय. कारण सापडेपर्यंत मी तिला त्या घरात आणणार नाही."

"मी येतो तुमच्याकडे."

"या ना. दुसऱ्या दिवशी कुंड्यांना पाणी घालायचं म्हणून पळणार तुम्ही. बाबा, महिन्याभरात तिला सुट्टी लागतेय. पंधरा दिवस आजोबांकडे राहायचं म्हणून तिने आत्तापासून पिशवी भरलीय. आता तुम्ही बघा."

फोन ठेवला तेव्हा घरात फ्रीज तेवढा बोलत होता. तो दर अकरा मिनिटांनी सुरू होतो. हे मला माहीत आहे, कारण मोजायला दुसरे काही नव्हते.

शोध मी पद्धतशीर सुरू केला. अ‍ॅक्रिलिक पाणी शोषत नाही आणि बुरशीला खायला देत नाही; ती जगते त्याच्यावरच्या साबणाच्या पापुद्र्यावर आणि सांध्यांतल्या सिलिकॉनच्या पट्टीवर. तिच्या शेवटच्या आंघोळीनंतर ती केबिन कोणी धुतली नव्हती आणि लेकीने काळे तेवढे पुसले होते. म्हणजे खाद्य होते. प्रश्न पाण्याचा होता. तिच्या बाथरूमकडे जाणारी पाण्याची चावी मी खालून बंद केली. भिंती तरीही ओल्या झाल्या. छत गळत असेल म्हणून गच्चीवर जाऊन तळहाताने सगळी फरशी चाचपली; कोरडी होती. शिवाय एक गोष्ट विचित्र होती. शॉवरमध्ये बुरशी सहसा खालच्या कोपऱ्यापासून वर चढते, कारण पाणी तिथे साचते. इथे ती वरच्या सांध्यावर दाट होती आणि खाली येता येता विरळ होत गेली होती.

मी आर्द्रतामापक आणला. हातभर अंतरावरून वाचता येईल असा छोटा डबा. दिवसातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा तो लक्षात ठेवतो, वेळ मात्र सांगत नाही. पहिल्या दिवशी कमीत कमी एकसष्ट टक्के, जास्तीत जास्त पंचाण्णव. बंद खोलीत, बंद नळाखाली, पंचाण्णव.

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण राहायला आली. तिला लेकीनेच पाठवले असावे. ताईने बाथरूम पाहिले, आरशावरची ओल बोटाने पुसली आणि दारातच थांबली.

"अरे, हे तिचंच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "जीव घुटमळतोय तिचा. रोजची आंघोळीची वेळ, ती कशी चुकवेल?"

"ताई, जिवाला पंचाण्णव टक्के आर्द्रता लागते का?"

"तुला सगळ्याच गोष्टींत टक्के लागतात. लग्न ठरलं तेव्हाही मुलगी किती टक्के आवडली ते सांगत होतास."

"ब्याण्णव."

"आणि तिला कळल्यावर तिने तुला आठ दिवस बोलायचं सोडलं होतं, ते विसरलास वाटतं."

विसरलो नव्हतो. उरलेले आठ टक्के कुठले हे तिने पुढे आयुष्यभर विचारले आणि मला कधीही सांगता आले नाही.

आकडा केव्हा चढतो हे कळण्याचा एकच मार्ग होता: आत बसून राहणे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्टूल आणि वही घेऊन तिच्या बाथरूममध्ये बसलो. दार लावून घेतले. आठपर्यंत दर दहा मिनिटांनी आकडा लिहिला. बासष्ट, बासष्ट, एकसष्ट. भिंती कोरड्या. मग उठलो, आपले आवरले, नाश्ता केला, आणि दहाला परत पाहिले तर आरसा धुरकट होता, केबिनच्या वरच्या कडेला थेंब होते आणि डब्यावर चौऱ्याण्णवचा आकडा होता.

"बघ," ताई म्हणाली. "तू बसलास म्हणून ती आली नाही. गेलास, आली."

तिसऱ्या दिवशी मी नऊपर्यंत बसलो. तेच झाले. मी असेपर्यंत काही नाही. उठून गेलो आणि तासाभरात भिंती ओल्या. ताईच्या म्हणण्याला यातून पुष्टी मिळत होती आणि ती लपवता येण्यासारखी नव्हती. निरीक्षकाला पाहून थांबणारी घटना मी कारकिर्दीत कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी उठण्यापूर्वी मी भिंतीकडे तोंड करून एकदा "झालं का?" असे म्हटले. प्रयोगात याला काही स्थान नव्हते. उत्तर आले नाही, हे मात्र वहीत नोंदले आहे.

चौथ्या दिवशी ठरवले की उठायचेच नाही. सहाला बसलो तो बाराला तिथेच. ताई दोनदा चहा देऊन गेली. आकडा त्रेसष्टच्या वर गेला नाही. साडेबाराला तिने दार ढकलले आणि कमरेवर हात ठेवले.

"अरे, दुपार झाली. अंगात कालचाच सदरा. आंघोळ तरी केलीस का आज?"

"नाही."

"मग कर की मेल्या! ती आली तर तुला असा बघून परत जाईल."

मी वही मिटली. मग परत उघडली. आज मी आंघोळ केली नव्हती आणि आकडा चढला नव्हता. काल नऊला उठून आंघोळ केली होती, परवा आठला. एरवी रोज साडेसहाला. चारही दिवस एका ओळीत होते आणि मी त्या ओळीत स्वतःला धरलेच नव्हते. साक्षीदारही आठवली. आजीच्या बाथरूमला आजोबांचा वास येतो. मी कार्बोलिक साबण वापरतो, प्रयोगशाळेच्या दिवसांपासून. घरात तो दुसरे कोणीच वापरत नाही.

"ताई, तू माझ्या बाथरूममध्ये जा," मी म्हटले. "गरम पाणी पूर्ण सोड आणि साबण धारेखाली धर. मग मला सांग. त्यानंतर दिवा लाव."

"आंघोळ तू करायचीस ना? मी कशाला भिजू?"

"शास्त्रासाठी."

"शास्त्राने मला कधी एक कप चहा नाही दिला," असे म्हणत ती गेली.

मी टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी कापली आणि स्टुलावर उभा राहून केबिनच्या वरच्या पंख्याच्या जाळीला एका टोकाने चिकटवली. पट्टी सरळ खाली लोंबत राहिली. तेवढ्यात ताईचा आवाज आला: "सोडलं रे पाणी! धरला साबण!"

आवाज स्पष्ट होता. मी भिंतीला कान लावला. ती आणखी काहीतरी बोलत होती, पण विटांमधून नुसती घुमघुम येत होती. शब्द वरून येत होते, पंख्याच्या जाळीतून. मी तसाच भिंतीला कान लावून काही वेळ उभा राहिलो. इतकी वर्षे मी उत्तरे भिंतीला देत होतो.

मग तिने दिवा लावला. पलीकडचा पंखा घरघरला आणि माझ्या डोक्यावरची पट्टी उचलली गेली. ती जाळीकडे ओढली गेली नाही. जाळीपासून दूर, खोलीच्या आत फडफडत राहिली. अर्ध्या मिनिटात कार्बोलिकचा वास आला. चार मिनिटांनी आरसा वरच्या कडेपासून धुरकट व्हायला लागला. बारा मिनिटांनी आकडा एक्क्याण्णव होता.

"आली का?" पंख्याच्या वरताण ताई ओरडली.

"नाही," मी म्हटले. "मीच आलो."

तिला ते ऐकू गेले नसावे.

दुसऱ्या दिवशी फिटर आला. दोन्ही केबिन अठरा वर्षांपूर्वी त्यानेच बसवल्या होत्या. आता केस पांढरे झाले होते आणि शिडी चढताना गुडघे वाजत होते. त्याने फॉल्स सीलिंगचा तुकडा काढून आत बॅटरी मारली.

"दोन पंखे, पुढे एकच पाइप, साहेब. इंग्रजी वायसारखा. बाहेर तोंड एकच."

"मधे झडप नाही? उलटी हवा अडवायला?"

"तेव्हा मिळाली नाही. मी म्हटलं होतं बाईंना, आणून लावतो. त्या म्हणाल्या, आम्ही दोघं एकदमच आंघोळीला जातो, दोन्ही पंखे एकदमच चालतात, राहू दे. बरोबरच होतं त्यांचं. दोन्ही चालले की दोघांची वाफ बाहेरच जाणार." तो खिडकीशी गेला, कडी काढून बाहेर वाकला आणि मान हलवत आत आला. "पण आता बाहेरची जाळी गच्च झालीय. धूळ, धागे, घट्ट गादी झालीय नुसती. तुमच्या वाफेला बाहेर जायला वाटच नाही. ती वळून इकडे येणार. इकडचा पंखा बंद, दार बंद, बसली इथेच." मग त्याची नजर दारामागे गेली. "अरे! काठी आहे की अजून."

"ही काठी तुम्हाला माहीत आहे?"

"मीच करून दिली ना बाईंना. पडद्याची दांडी कापून. खिडकीतून हात काढला की बरोबर जाळीपर्यंत पोचते. दोन-तीन महिन्यांतून एकदा झाडत जा म्हटलं होतं. ब्रश बघा कसा एकाच बाजूने झिजलाय."

"मला कोणी सांगितलं नाही."

"मी म्हटलं होतं साहेबांना सांगतो," फिटर शिडी मिटत हसला. "त्या म्हणाल्या, नको. ते आधी पुरावा मागतील, मग तीन महिने जाळीचं वजन करत बसतील. त्यापेक्षा मीच झाडते."

मी काठी घेतली, खिडकीतून हात काढला. ब्रश जाळीला बरोबर टेकला. करडी लोकर निघावी तशी गादी निघाली.

पुढचे चार दिवस कामात गेले. फिटरने दोन्ही पाइपांत झडपा बसवल्या, जुने सिलिकॉन पात्याने सोलून नवे भरले आणि ते पूर्ण दिवसभर वाळू दिले. अ‍ॅक्रिलिक मी भांड्यांच्या सौम्य साबणाने आणि मऊ फडक्याने धुतले. तारेची घासणी वापरली नाही. तिचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत पण बुरशीला सापडतात. साबणाची वडी सुकून तिला भेगा पडल्या होत्या. ती टाकली. बाटली पुसून माझ्या कपाटात ठेवली. खिडकी उघडी ठेवली, दार उघडे ठेवले. उघड्या दारातून तिच्या खोलीतला पलंग जिन्यावरून दिसू लागला. याची सवय व्हायला वेळ लागेल. ताई गेली. जाताना म्हणाली, "तुझं शास्त्र खरं निघालं म्हणून रडवेला होऊ नकोस." मी तसा झालो नव्हतो, असे माझे मत आहे.

आठ दिवस जास्तीत जास्त आकडा चौसष्टच्या वर गेला नाही. मी लेकीला फोन केला.

"सापडलं?"

"सापडलं."

"नक्की? की 'तूर्त असे दिसते'?"

"नक्की. दोनदा करून पाहिलंय."

मागे नात विचारत होती, पिशवीत चित्रांची वही टाकू का. "शनिवारी सकाळच्या गाडीने येतो," लेक म्हणाली. "पण मला कारण लिहून पाठवा. 'बहुधा' आणि 'असावे' नको. एका पानात."

मी लिहिले ते असे.

"तुझ्या आईच्या केबिनमधल्या बुरशीला पाणी माझ्या आंघोळीच्या वाफेतून मिळत होते आणि खाद्य तिच्या शेवटच्या आंघोळीच्या साबणातून. दोन्ही पंख्यांचा पाइप पुढे एक होतो. आम्ही दोघे एकाच वेळी आंघोळ करत होतो तोवर दोन्ही पंखे एकदम चालत आणि वाफ बाहेर जाई. चौदा महिने एकच पंखा चालला. माझी केबिन कोरडी राहावी म्हणून मी तो रोज पंचवीस मिनिटे जास्त चालू ठेवला, आणि ती सगळी वाफ पलीकडच्या बंद खोलीत ढकलली. ती खोली मीच बंद केली होती. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाची जाळी धुळीने भरली होती. ती जाळी दर दोन-तीन महिन्यांनी तुझी आई खिडकीतून काठीने साफ करत असे. मला हे माहीत नव्हते."